लाइट गेली की सुदर्शनदादा

फ्लेक्सवर सुदर्शनदादाचा फोटो इतका बारका होता, की मला वाटलं शुभेच्छुकांच्या रांगेत टाकलाय की काय.

माझं उस्मानपुऱ्यात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या, सगळं छापते. कुणाचा फोटो केवढा असावा यावरून माझ्या काउंटरवर भावकीतली भांडणं झालेली मी पाहिलीत, त्यामुळं फोटोच्या मापात मला कुणी शिकवू नये. हे डिझाइन पुण्याहून मिहिरनं पाठवलं होतं. मधोमध मिहिर, हातात माइक, केस उडालेले. बाजूला दोन गिटारवाले, मागं ड्रमवाला. वर ठसठशीत अक्षरात ‘त्रेपन्नावा दरवाजा, पुन्हा एकदा!’ आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं आम्ही छापणाऱ्याचा मोबाइल नंबर टाकतो तिथं, सुदर्शनदादा. ‘प्रिय मित्र सुदर्शनच्या आठवणीत.’

आता मला सांगा, माणूस गेला म्हणून कार्यक्रम ठेवलाय ना? मग गेलेला कोपऱ्यात आणि जिवंत असलेला मधोमध, ही कुठली पद्धत? माझं डोकं सटकलं. मी कुणाला न विचारता मिहिरला डावीकडं सरकवलं, सुदर्शनदादाला मधे घेतलं आणि छापून टाकलं. दुकानातली मेघा म्हणाली, “ताई, ते पैसे देणार नाहीत.” म्हटलं, नाही तर नाही.

तुम्हाला त्रेपन्नावा दरवाजा माहीत नसणार. आमच्या शहराला बावन्न दरवाजे आहेत म्हणतात, म्हणून या पोरांनी बँडचं नाव त्रेपन्नावा ठेवलं. मराठीत रॉक गायचे, आणि तेही आपल्या बोलीत. ‘शेवटची सिटी बस’ नावाचं त्यांचं गाणं तेव्हा कॉलेजच्या पोरापोरींना तोंडपाठ होतं. मी त्यातलीच एक. छावणीतल्या एका शाळेच्या जुन्या हॉलमध्ये दर महिन्याला त्यांचा कार्यक्रम असायचा. तिथंच का, तर तिथं पियानो होता. खराखुरा, लाकडी, कुणा जमान्यातला. तो हलवणं कुणाच्या बापाच्यानं झालं नसतं, म्हणून बँडच पियानोकडं जायचा. आणि पियानोवर सुदर्शनदादा.

पण तो ऐकू येत नव्हता. खरं सांगते, अजिबात नाही. दोन-दोन गिटारी, ड्रम आणि मिहिरचं ओरडणं सुरू झालं की त्या बिचाऱ्या पियानोची काय टाप! पियानोसमोर एक माइक असायचा, तो बहुतेक वेळा बंदच. दादा तिकडं कोपऱ्यात, लोकांकडं पाठ करून बसलेला. पांढरा शर्ट आणि मान तेवढी दिसायची.

आणि मग लाइट जायची.

तो काळच लोडशेडिंगचा होता. छावणीत सव्वासातला जायची म्हणजे जायचीच. गिटारी एकदम मुक्या, माइक मेला, मिहिर तोंड उघडं ठेवून उभा. हॉलमध्ये काळाकुट्ट अंधार. आणि त्या अंधारात पियानो चालूच. तो थांबायचाच नाही. त्याला लाइटीशी घेणंदेणंच नव्हतं ना! मधेच कधी तरी नळ सुटल्यावर हंड्यात पाणी पडायला लागतं, तसा तो आवाज हॉलभर व्हायचा. आम्ही गुडघ्यावर ठेका धरायचो आणि ‘शेवटची सिटी बस’मधला त्याचा तुकडा तोंडानं त्याच्याबरोबर म्हणायचो, ला ला करत. अख्ख्या महाराष्ट्रात लाइट आली की लोक ओरडायचे, आम्ही तेवढे गेली की ओरडायचो. “गेलीऽऽ!” म्हणून पोरं नाचायची. मग थोड्या वेळानं लाइट यायची, गिटारी भुंकायला लागायच्या, आणि दादा परत गायब.

पुढं मिहिर पुण्याला गेला, बँड मोडला. दादा शेंद्र्याला कंपनीत लागला. रस्त्यात भेटला की मी म्हणायची, “दादा, वाजवा की कधी तरी.” तो हसून म्हणायचा, “लाइट जात नाय आता रूपाली.” मागच्या हिवाळ्यात कामावरच छातीत कळ आली आणि गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

त्याची आई, वच्छलामावशी, आमच्याच मागच्या गल्लीत राहते. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्यासाठीची वंदना झाल्यावर, जेवणाच्या पंगतीत तिच्या पुतण्यानं, राजेंद्रनं, मोबाइलवर सगळ्यांना एक क्लिप दाखवली. त्रेपन्नावा दरवाजाची जुनी क्लिप, कुणी तरी इंटरनेटवर टाकलेली. ‘शेवटची सिटी बस’ची, लाइट चालू असतानाची. त्यात दादा बाजूनं दिसतो, हात हलताना दिसतात, आवाज मात्र नुसत्या गिटारींचा. खाली लोकांनी लिहिलेलं, ‘पियानोवाला शोपीस’, ‘याला कशाला बसवलाय’. राजेंद्र मोठ्यानं वाचून हसला म्हणे. म्हणाला, दादा नुस्ता हात हलवायला जात व्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी! मी तिथं नव्हते हे त्याचं नशीब.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली, पाणी दिलं तर घेतलं नाही.

“रूपाली, तू जात व्हतीस ना तिथं? खरं सांग लेकरा. माझा सुदर्शन वाजवत व्हता का नुस्ता बसत व्हता?”

“मावशी, काय बोलता! तुम्ही कधी ऐकलं नाही का?”

“मी कुठून ऐकू? मी चिकलठाण्याला पॅकिंगला, दुपारपाळी. घरी आले की समदं झोपल्यालं. त्योबी कधी चल म्हनला नाय. तुला डोकं दुखंल म्हनायचा.” मग पदरानं चष्मा पुसत म्हणाली, “घरी पाटावर बोटं आपटायचा. जेवायच्या पाटावर. सुट्टीच्या दिवशी सकाळधरनं टकटक, टकटक. मी म्हनायची, आरं बाबा, लाकूड हाय त्ये, त्याच्यातनं काय निघनार हाय? एकदा पाट लपवूनबी ठिवला व्हता.”

मला हसू आलं. मग तिचं तोंड बघून गेलं.

“मावशी, तुम्हाला ऐकवते,” मी बोलून बसले. “मिहिर इथं कार्यक्रम करतोय, त्याच हॉलमध्ये. तुम्ही या. दादा कसा वाजवायचा ते तुमच्या कानानं ऐका, मग बघू राजेंद्र काय म्हणतो.”

माझं हे असंच आहे, जीभ आधी आणि अक्कल मागून. ती गेली आणि मला घाम फुटला. ऐकवणार काय? कुठून?

मी जुन्या सगळ्यांना फोन लावले. ज्यांच्याकडं कॅसेट होत्या, सीडी होत्या, कुणा मामाचा कॅमेरा होता, सगळ्यांना. गोकुळनं तर माळ्यावरचं खोकं खाली काढलं. गोकुळ माझा तेव्हापासूनचा मित्र, आता वीज कंपनीत नोकरीला आहे. आम्ही बसून एकेक ऐकत गेलो. गिटार, गिटार, मिहिर, गिटार. दादा कुठंच नाही. आणि मग गोकुळनं कपाळावर हात मारला.

“अगं, लाइट असली की दादा ऐकू येत नव्हता. आणि दादा ऐकू यायचा तेव्हा रेकॉर्ड करायला लाइट कुठं होती?”

त्या दिवसापासून माझी झोप गेली. दुकानात बसवेना, घरी बसवेना. फ्लेक्सवर दोनदा चुकीची तारीख गेली. मिहिरला फोन केला की सात वाजताच सुरू करा. तो म्हणाला, सातलाच का, साडेसहाला करू. म्हटलं, नाही, सातलाच. मुद्दा काय होता ते मलाही कळत नव्हतं, पण मी भांडून सात करून घेतले.

रविवारी साडेसहालाच मावशीला रिक्षातून घेऊन गेले. पांढरं लुगडं, खांद्यावरून पदर, हातात रुमाल. तिला दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि मी पियानो बघायला पळाले. तो होता जागेवर, निळ्या कापडाखाली. झाकण उघडलं तर आतून वाळवीचा भुसा पडला. एक पट्टी दाबली, ठक्. दुसरी दाबली, ती वर आलीच नाही.

मिहिर वायरी बघत होता. गोल चष्मा, पोट सुटलेलं, पण माणूस तसाच उमदा. “रूपाली! फ्लेक्स भारी झालाय गं,” म्हणाला. त्याला फोटो बदललेला कळलाच नव्हता, किंवा कळूनही चिडला नव्हता. मला भांडायचं होतं, त्याची पंचाईत झाली.

“दादाचं काय वाजवणार आहात?” मी विचारलं.

“कीबोर्डला पुण्याचा एक मुलगा आणलाय. चांगला आहे.”

“त्याला दादाचा तुकडा येतो का? ‘शेवटची सिटी बस’मधला?”

मिहिरनं माझ्याकडं बघितलं. “कुठला तुकडा?”

“कुठला तुकडा म्हणजे? सोबत वाजवत होतात ना रे तुम्ही!”

“मी अँप्लिफायरच्या पुढं उभा असायचो रूपाली. मला माझा आवाजसुद्धा धड ऐकू येत नव्हता. लाइट गेली की आम्ही सगळे बाहेर चहाला पळायचो.” त्यानं हातातली वायर खाली ठेवली. “खरंच काय वाजवायचा तो?”

मी परत खुर्चीकडं आले, बसले, उठले, दारापर्यंत जाऊन आले. मावशी म्हणाली, “बस की गं एका जागी, पायाला भिंगरी लागली का तुझ्या?”

सात वाजता सुरू झालं. हॉल बऱ्यापैकी भरला होता, सगळे आमच्या वयाचे. टकलं पडलेली, गुडघे धरून बसलेली, पण पहिल्या ठोक्याला अशी ओरडली की विचारू नका. आवाज तर असला की खुर्च्या हलत होत्या. पुण्याचा मुलगा कीबोर्डवर काही तरी गुळगुळीत वाजवत होता. मावशी पुढं वाकून ऐकत होती. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ह्ये का?”

“नाही मावशी. अजून नाही.”

दुसरं गाणं झालं. “ह्ये?”

“नाही. थांबा.”

मी घड्याळ बघितलं. मागं वळून बघितलं तर गोकुळही घड्याळ बघत होता. आणि मग माझ्या लक्षात आलं. पलीकडची जाडी बाई, पुढचा टकल्या, दाराजवळचे दोघं, सगळे अधूनमधून वर बघत होते. ट्यूबलाइटीकडं. सव्वासात होत आले होते आणि आम्ही सगळे येडे लाइट जायची वाट बघत होतो! म्हणून मी सात वाजताचा हट्ट धरला होता. अहो, लोडशेडिंग बंद होऊन किती वर्षं झाली! सव्वासात वाजले आणि गेले. ट्यूबलाइटी आपल्या झगझगीत चालू.

तेवढ्यात मिहिर ‘शेवटची सिटी बस’ म्हणायला लागला. मावशीनं पूर्ण ऐकलं नाही. रुमाल कमरेला खोचला आणि उठून उभी राहिली.

“जाते मी लेकरा.”

“मावशी, थांबा हो, जरा वेळ.”

“कळलं मला. त्याचं काई नव्हतंच यात. तू माझं मन राखाया बोललीस. असू दे. तेवढं तरी कोन करतं?”

मला तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. तिचे खांदे धरून मी तिला परत खुर्चीत दाबलं. “उठायचं नाही,” म्हटलं, “माझी शपथ आहे.” आणि पळत मागं गेले.

“गोक्या, लाइट घालव.”

“काय?”

“लाइट घालव. आत्ताच्या आत्ता. तुझं कामच आहे ना ते!”

“माझं काम लाइट आणायचं आहे, बये! नोकरी घालवतीस का?”

“अरे हॉलची घालव. मेन स्विच असेल ना?”

“मेन पाडला तर जनरेटर आपोआप सुरू होतो.”

“मग त्याचंही काही तरी कर. गोक्या, मावशी निघाली. ती आज अशीच गेली ना, तर मरेपर्यंत तिला वाटत राहील की तिचं पोरगं नुसतं हात हलवायला जायचं.”

गोकुळनं एकदा मावशीच्या पाठीकडं बघितलं. “तू एक दिवस मला गोत्यात आणणार आहेस,” म्हणाला आणि बाहेर गेला. मी पळत खुर्चीशी आले आणि मावशीचा हात धरून बसले.

आणि लाइट गेली.

“गेलीऽऽ!”

अख्खा हॉल ओरडला. टकलं, गुडघे, सगळे. शिट्ट्या वाजल्या. गिटारी मुक्या झाल्या, मिहिर गप्प झाला. तसाच अंधार, तसाच त्या हॉलचा जुना वास. आणि मग सगळे एकदम शांत झाले. कान लावून बसले.

काहीच आलं नाही.

कुठून येणार? तेव्हा मला कळलं, मी काय येडेपणा केला होता. मला वाटलं होतं, लाइट गेली की तो वाजवेल. एवढे दिवस माझ्या मनात तेच होतं. लाइट घालवायची तेवढी सोय करायची, पुढचं दादा बघेल. दादा गेलाय, हे मला त्या अंधारात बसेपर्यंत खरं वाटलंच नव्हतं. हॉलमध्ये कुणाला तरी हुंदका आला. मलाही रडू फुटलं, आणि रडता रडता मी, जिला घरात अंगाईसुद्धा म्हणू देत नाहीत ती मी, तोंडानं दादाचा तुकडा म्हणायला लागले. ला, ला ला.

बेसूर. एकदम भिकार. पण पुढच्या रांगेतून कुणी तरी गुडघ्यावर ठेका धरला. मग त्या जाड्या बाईनं सूर लावला, आणि तिचा गळा गोड निघाला. मग दारातले दोघं. एक जण ओरडला, “अरे तिथं वर जातं, वर!” आणि सगळे वर गेले. बघता बघता अख्खा हॉल तो तुकडा म्हणत होता. शब्द नाहीत, वाद्य नाही, नुसती तोंडं.

मावशीनं माझा हात घट्ट धरला होता. मग तिची पकड सुटली. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर आडवा घेतला, कोपरापासून मनगटापर्यंत. आणि तिची बोटं माझ्या हातावर पडायला लागली.

मला आधी वाटलं थरथरतीय. पण नाही. आम्ही जिथं ‘ला’ म्हणत होतो, तिथं बरोब्बर बोट पडत होतं. आम्ही वर गेलो की तिचा उजवा हात माझ्या मनगटाकडं सरकायचा. करंगळी दोनदा, मग मधलं बोट. एका ठिकाणी आमच्यात गोंधळ झाला, कुणी लवकर उचललं, कुणी उशिरा, पण तिची बोटं बरोबर जागेवर थांबली आणि बरोबर जागेवर उठली. आम्ही त्याचे हात कधी नीट पाहिले नव्हते, अंधारात काय दिसणार? आणि तिनं वर्षानुवर्षं नुसते हात पाहिले होते, पाटावर, आवाजाशिवाय.

“ह्येच,” ती माझ्या कानात म्हणाली. “ह्येच वाजवायचा पाटावर. अगं माय, असा आवाज व्हता व्हय याला?”

मी नुसती ला ला करत राहिले आणि नाकातोंडातून पाणी गळत राहिलं.

मग आमचा तुकडा संपला. सगळे थांबले. मावशीची बोटं थांबली नाहीत.

“मावशी, संपलं.”

“संपलं कुठं? अजून हाय की.”

“आम्हाला नाही माहीत मावशी. इथंच लाइट यायची. मग गिटार सुरू व्हायची, पुढचं कधी ऐकूच आलं नाही.”

तिनं ऐकलंच नाही. डावा हात माझ्या कोपराकडं हळूहळू उतरत गेला, उजवा मधेच दोनदा उडाला, परत आला. मग तीनदा अंगठा दाबला, सावकाश. आणि तळहात तसाच ठेवून दिला.

“असं ठिवायचा शेवटाला,” ती म्हणाली. “मग पानी प्यायचा.”

लाइट आली. गोकुळला तेवढंच जमलं असणार. सगळे डोळे चोळत एकमेकांकडं बघत होते. स्टेजवर मिहिर माइक खाली धरून उभा होता. कोपऱ्यातल्या निळ्या कापडाकडं बघत तो नुसताच म्हणाला, “हे वाजवायचा तो?” मग ड्रमवाल्यानं काड्या वाजवल्या आणि पुन्हा दणका सुरू झाला.

“रूपाली,” मावशी माझ्या कानाशी ओरडली, “ती क्लिप काढ. राजेंद्राची.”

“आत्ता? मावशी, काही ऐकू येणार नाही.”

“मला ऐकायचं नाय. काढ.”

मी मोबाइलवर क्लिप लावून दिली. तिनं चष्मा नाकावर ढकलला आणि स्क्रीन डोळ्यांशी नेला. मिहिर उड्या मारत होता, पोरं हात हलवत होती, आणि कडेला, पांढऱ्या शर्टात, सुदर्शनदादा. मावशी फक्त त्याचे हात बघत होती. तिचा डावा हात मांडीवर हळूहळू उतरायला लागला.

“ह्ये बघ,” ती म्हणाली. “ह्येच त्ये फुडलं.”

मी वाकून बघितलं. दादाचा डावा हात खाली उतरत होता. उजवा दोनदा उडाला, परत आला. तीनदा अंगठा. मग त्यानं तळहात पट्ट्यांवर तसाच ठेवला. त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं. त्यानं वाकून पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

मावशीनं मोबाइल माझ्या हातात दिला.

“राजेंद्राला फोन लाव.”

“मावशी, इथं एवढा आवाज आहे, त्याला काही ऐकू जाणार नाही.”

“लाव म्हनते ना,” ती म्हणाली. “आत्ता लाव.”